जुन्या ब्रिटिश मोटारसायकलची फ्रेम अपुरी असेल तर? हरवलेले भाग शोधताना, बनवताना आणि आरटीओकडे जाताना

आजोबांच्या वेळची मोटारसायकल गोठ्यात, माळ्याखाली नाहीतर एखाद्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे, असं आपल्या भागात अजूनही ऐकू येतं. अशी गाडी हाती आली की पहिली नजर इंजिनाकडे जाते. पिस्टन अडकलाय का, मॅग्नेटो ठिणगी देतो का, टाकी गळते का, हे सगळे बघतात. पण इंजिनाचं काम कितीही मोठं असलं तरी ते करणारे मिस्त्री सापडतात आणि त्याचे सुटे भागही मिळतात. खरी अडचण उशिरा लक्षात येते. फ्रेमवरून हात फिरवला की कळतं, स्टँडचा कान कापलेला आहे, टूलबॉक्सची पट्टी गायब आहे, इंजिन प्लेट एकच आहे आणि मागच्या ब्रेकचा आधार कुणीतरी तारेने बांधलाय.

फ्रेमचे हरवलेले भाग परत मिळवता येतात. बरेचसे आपल्याकडेच बनवताही येतात. मात्र कुठला भाग कुणाकडून बनवायचा, कशाचा बनवायचा आणि कुठल्या भागाला हातच लावायचा नाही, हे आधी ठरवावं लागतं. चूक झाली तर रस्त्यावर जिवाला धोका असतो आणि कागदोपत्री गाडीच हातची जाऊ शकते.

या गाड्या आणि त्यांचे गेलेले भाग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने लाखो मोटारसायकली वापरल्या. त्यात बीएसए कंपनीची एम २० सर्वांत ओळखीची. १९३७ ते १९५५ या काळात ती बनली. ४९६ सीसीचं साईड व्हॉल्व्ह इंजिन, पुढे गर्डर फोर्क आणि मागे स्प्रिंग नसलेली ताठ फ्रेम, हे तिचं युद्धकाळातलं रूप. युद्धासाठी या एकाच मॉडेलच्या सव्वा लाखाहून जास्त गाड्या बनल्या. नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी ३ एल, तसंच एरियल, ट्रायम्फ आणि रॉयल एनफिल्डची लष्करी मॉडेलंही होती. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या यातल्या अनेक गाड्या भारतात साध्या माणसांच्या हाती आल्या. पुढे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि ३५० सीसीची बुलेट इथेच तयार होऊ लागली. म्हणजे आपल्याकडची जुनी बुलेटही मुळात ब्रिटिश आराखड्याचीच.

नंतरच्या काळात आयातीवर कडक बंधनं होती. विलायती स्पेअर मिळत नव्हते आणि गाडी तर रोज चालवायची होती. मग मिस्त्रींनी जे हाताशी होतं ते लावलं. साइडकार काढली आणि तिचे कान अडतात म्हणून कापले. मागचा लोखंडी स्टँड मोडला म्हणून दुसऱ्या गाडीचा साईड स्टँड वेल्डिंग करून बसवला. दुधाचे कॅन टांगायला आडवी पट्टी मारली. गाडी चालत राहिली ती या लोकांमुळेच, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज ती मूळ रूपात आणायची तर आधी काय गेलं आणि काय वाढलं, दोन्ही समजायला हवं.

फ्रेम कशी जोडलेली असते

हल्लीच्या गाडीची फ्रेम म्हणजे नळ्या थेट एकमेकींना वेल्डिंग केलेल्या. जुन्या ब्रिटिश फ्रेमची पद्धत सायकलवाल्यांची होती. जिथे दोन-तीन नळ्या एकत्र येतात तिथे लोखंडाचा ओतीव किंवा घडीव सांधा असतो, त्याला इंग्रजीत लग म्हणतात. आपले मिस्त्री कान म्हणतात. कानाच्या खोबणीत नळी बसवायची, आरपार पिन मारून ती जागेवर धरायची आणि मग तापवून सांध्यात पितळ ओतायचं. यालाच ब्रेझिंग म्हणतात. स्टँड, फुटरेस्ट, साइडकार यांच्यासाठी लागणारे छोटे कानही बऱ्याचदा याच ओतकामाचा भाग असतात.

काही कंपन्यांनी फ्रेमचे दोन तुकडे केले. जुन्या ट्रायम्फमध्ये पुढचा आणि मागचा भाग बोल्टने जोडलेला असतो, म्हणून मागचा भाग दुसऱ्याच वर्षाच्या गाडीचा निघणं नवीन नाही. बुलेटमध्ये पुढची नळी इंजिनापाशी येऊन थांबते, खालून नळी जातच नाही. इंजिन आणि त्याच्या मागच्या जाड प्लेटा मिळून फ्रेम पूर्ण होते. तिथे प्लेट हरवली तर फ्रेमचाच एक भाग हरवला, असं समजायचं.

१९५० साली नॉर्टनच्या रेसिंग गाडीला मॅककँडलेस बंधूंची फेदरबेड फ्रेम आली. तिच्यात नळ्या वळवून थेट एकमेकींना जोडल्या होत्या. ही पद्धत नंतर पसरत गेली. त्यामुळे आपली गाडी कानांच्या पद्धतीची आहे की थेट जोडाची, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवावं. दुरुस्तीची रीत त्यावर ठरते.

आधी यादी, मग खरेदी

दुकानदार वर्षअखेरीला माल मोजतो, तशी गाडीची मोजदाद करा. वहीत चार रकाने पाडा: भागाचं नाव, आहे की नाही, आहे तो मूळचा की नंतरचा, आणि त्यावर भार किती. रंग खरवडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. कापलेल्या कानाची उरलेली बुडखी, जुन्या पितळाचा पिवळा कडा, रंगाखालची पुसट भोकं, या सगळ्यावरून इथे काय होतं ते कळतं. उत्साहाच्या भरात ग्राइंडर फिरवून सगळं गुळगुळीत केलं की हा पुरावा गेला.

बहुतेक गाड्यांत हमखास गायब असणारे भाग असे: मागचा किंवा मधला स्टँड आणि त्याचे कान, फुटरेस्टची आरपार जाणारी सळई, मागे बसणाऱ्याच्या फुटरेस्टचे कान, टूलबॉक्स आणि बॅटरीच्या पट्ट्या, सीटच्या स्प्रिंगचे आधार, मडगार्डच्या कांब्या, टाकीखालच्या पट्ट्या, इंजिन प्लेटा आणि त्यांचे स्पेसर. बऱ्याच मॉडेलांत इंजिनाचं डोकं फ्रेमला बांधणारी एक छोटी पट्टी असते. दिसायला किरकोळ, म्हणून कुणी परत लावत नाही. पण ती नसली की थरथर वाढते आणि दुसरीकडेच चिरा पडू लागतात.

मूळ भाग कसा होता हे कळायला त्या वर्षाचं स्पेअर पार्ट पुस्तक मिळवा. ब्रिटिश कंपन्या दर मॉडेलसाठी चित्रांसह अशी पुस्तकं काढत आणि त्यांच्या प्रती आजही विकत मिळतात. त्यात मापं नसतात, पण आकार, जागा आणि भागाचा क्रमांक असतो. हा क्रमांक हाताशी असला की विकणाऱ्याशी बोलणं सोपं जातं.

भार बघून वर्गवारी

यादी झाली की तिचे तीन गट पाडा.

पहिला गट बिनभाराचा. टूलबॉक्सची पट्टी, हॉर्नचा आधार, केबलच्या चिमट्या, हवा मारायच्या पंपाच्या खुंट्या. चांगला फॅब्रिकेटर हे भाग पत्र्यातून आणि पट्टीतून बिनधास्त करू शकतो. चुकलं तर काढून दुसरं लावायचं.

दुसरा गट मधल्या भाराचा. स्टँड, फुटरेस्ट, सीटचा आधार, मडगार्डच्या कांब्या. यात निष्काळजीपणा चालत नाही. पुढच्या मडगार्डची कांबी चालत्या गाडीत तुटली आणि मडगार्ड चाकात गेलं, तर चाक जागीच अडकतं. फुटरेस्ट उभं राहून ब्रेक मारताना तुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

तिसरा गट पूर्ण भाराचा. हँडल ज्यात फिरतं तो पुढचा मुख्य कान, त्यातून खाली येणारी नळी, इंजिन प्लेटा, मागच्या अॅक्सलचे कान, मागचा चिमटा आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारा आधार. शेवटच्या भागाकडे विशेष लक्ष द्या. ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते. तिला अडवणारी पट्टी किंवा खुंटी निसटली तर प्लेट गरकन फिरते, ब्रेकची सळई ओढली जाते आणि चाक अडकतं. या गटातला मूळ भाग मिळत असेल तर किंमत जास्त पडली तरी तोच घ्यावा. बनवायचाच झाला तर यंत्रावर मापाने बनवणाऱ्याकडूनच, आणि जोड देणारा माणूस फ्रेमच्या कामात मुरलेला असावा.

शोधायचं कुठे

पहिली जागा म्हणजे तुमच्यासारखीच गाडी असलेला माणूस. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, गोवा, हैदराबाद, इंदूर, वडोदरा, सगळीकडे जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख असते. भाग विकत मिळाला नाही तरी मापं घ्यायला गाडी दाखवतात, हेच मोठं काम होतं. पण मापं एकाच गाडीवरून घेऊ नका. तिच्यावरही मागच्या सत्तर वर्षांत कुणीतरी हात चालवलेला असतो. दोन गाड्यांवर तेच माप आलं तर विश्वास ठेवा.

दुसरी जागा भंगारबाजार. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथे नशीब लागतं तेव्हा लागतं. घेताना बिल मागा. फ्रेमचा नंबर असलेला तुकडा बिलाशिवाय आणि कागदाशिवाय कुणी देत असेल तर तिथून निघा. चोरीच्या गाडीचा तुकडा घरात आणणं महागात पडतं.

तिसरी जागा इंग्लंड. तिथे बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ यांचे नवे बनवलेले भाग विकणारे व्यापारी आहेत. हिशेब मात्र पौंडातल्या किमतीवर करू नका. टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून घरपोच किंमत काढा आणि ती इथल्या बनावटीच्या खर्चाशी ताडून बघा. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. त्यामुळे जुनी फ्रेम किंवा जुना भाग मागवण्याआधी आयातीचं काम करणाऱ्या जाणकाराला विचारून घ्या.

नळी घेताना: 'एक इंची' म्हणजे काय?

इथे सर्वांत जास्त फसगत होते. ब्रिटिश फ्रेमची नळी बाहेरच्या व्यासावर मोजतात. एक इंची नळी म्हणजे बाहेरून २५.४ मिमी. सव्वा इंची नाही, तर एक अष्टमांश जास्त असलेली नळी म्हणजे २८.६ मिमी. आपल्या हार्डवेअर दुकानात 'एक इंची पाइप द्या' म्हटलं की पाण्याचा पाइप मिळतो, त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. पाऊण इंची मागितला तर २६.९ मिमी. म्हणजे दोन्ही कानात बसणार नाहीत. मग कुणीतरी कान आतून खरवडून मोठा करतो आणि मूळ भाग कायमचा वाया जातो. दुकानात व्हर्नियर घेऊनच जा आणि मिलिमीटरमध्ये बोला.

जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की नळी पातळ होते. १२ गेज म्हणजे २.६ मिमी, १४ गेज म्हणजे २ मिमी आणि १६ गेज म्हणजे १.६ मिमी. मूळ नळी कापलेल्या ठिकाणी तिची जाडी मोजा आणि गंजाने झिजलेला भाग सोडून द्या.

नळीचा प्रकारही महत्त्वाचा. भाराच्या जागी जोडरेघ नसलेली, थंड ओढलेली सीमलेस नळी घ्या. जस्त चढवलेला जीआय पाइप फ्रेममध्ये अजिबात वापरू नका. तापवल्यावर जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर ताप येतो आणि जोडही धड होत नाही.

कान बनवताना: बीड नको

बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ओतकामासाठी नावाजलेलं आहे. त्यामुळे 'फाउंड्रीत देऊ, ओतून देतील' हा विचार पहिला येतो. पण पंपाच्या घरासाठी जे साधं बीड ओततात, ते फ्रेमच्या कानाला चालत नाही. बीड दाब सोसतं, हिसका सोसत नाही. खड्ड्यात चाक आपटलं की तडकतं. मूळ कानांत मॅलिएबल लोखंड असायचं. त्यावर उष्णतेची प्रक्रिया करून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असे.

आज एक-दोन नगांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भरीव माइल्ड स्टीलच्या सळईतून किंवा ठोकळ्यातून मिलिंग आणि लेथवर कान काढून घेणं. वेळ जास्त लागतो, पण धातूची खात्री असते आणि पितळी जोड नीट बसतो. मध्यम कार्बनचं ईएन ८ बऱ्याच वर्कशॉपमध्ये पडलेलं असतं. ते शाफ्टला आणि पिनांना उत्तम, मात्र वेल्डिंग करायचं तर आधी तापवून घ्यावं लागतं, नाहीतर जोडाशेजारी चीर पडते.

ओतूनच घ्यायचं असेल तर स्टील ओतणाऱ्याकडे जा आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुना कानच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा कान लहान येतो. स्टील थंड होताना साधारण दोन टक्के आकसतं. १०० मिमीचा भाग ९८ मिमीच्या आसपास उतरतो आणि भोकांमधलं अंतर चुकतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो आणि खोबण्या, भोकं यांसाठी जास्तीचं मटेरियल ठेवून ती नंतर यंत्रावर काढावी लागतात.

जोड: जुन्या पितळावर आर्क मारू नका

फ्रेम दुरुस्तीतला हा सर्वांत मोठा धोका. ब्रेझिंगचा जुना सांधा सैल झाला की जवळचा वेल्डर त्यावर आर्क वेल्डिंगचा टाका मारून देतो. वरून मजबूत दिसतं. आत मात्र वितळलेलं पितळ तापलेल्या स्टीलच्या कणांमध्ये शिरतं आणि तिथे बारीक चिरा पडतात. शिवाय ओतीव कानाला आर्कची उष्णता लागली की टाक्याच्या कडेला तो पुन्हा ठिसूळ होतो. असा जोड गॅरेजमध्ये तुटत नाही. तो तुटतो घाटात.

पितळी सांधा पितळानेच दुरुस्त करावा. जुनी पिन ड्रिलने काढायची, सांधा सगळीकडून सारखा तापवून नळी बाहेर घ्यायची, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत साफ करायचे. नवी नळी खोबणीत हाताने सरकली पाहिजे, पण लटपटता कामा नये. टाकणखार लावून साधारण ९०० अंशांपर्यंत तापवलं की पितळ सांध्यात आपोआप ओढलं जातं. फक्त बाहेरून वाटोळा थर चढवणं म्हणजे ब्रेझिंग नव्हे, पितळ आत गेलं पाहिजे. हे काम जमणारा माणूस शोधायला जुने सायकल फ्रेम दुरुस्त करणारे किंवा एसीचे तांब्याचे पाइप जोडणारे कारागीर विचारून बघा. ज्याला गॅसची ज्योत आवरता येते, त्याला हे लवकर समजतं.

नळी मधूनच तुटली असेल तर दोन टोकं नुसती समोरासमोर जोडू नयेत. आतून घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालावा, तो जोडाच्या दोन्ही बाजूंना पुरेसा लांब जावा आणि काप तिरका असावा. म्हणजे सगळा ताण एकाच गोल रेषेवर येत नाही.

आटे: आठ एमएमचा बोल्ट 'बसतो', म्हणून फसतो

जुन्या ब्रिटिश गाडीत आट्यांच्या निदान तीन पद्धती एकत्र नांदतात: व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल आटा. पाच सोळांश इंची बोल्ट घ्या. व्हिटवर्थला इंचात १८ आटे, बीएसएफला २२ आणि सायकल आट्याला २६. व्यास तोच, ७.९४ मिमी. आपल्या दुकानातला ८ मिमीचा बोल्ट त्याच्याइतकाच दिसतो, एक-दोन फेरे आत जातोही. पुढे अडतो. मग मोठा पाना लावला जातो आणि कानातले मूळ आटे साफ होतात.

यावर उपाय स्वस्त आहे. आटे मोजायची पात्यांची गेज विकत घ्या. प्रत्येक भोकात आधी मोजा, मग त्या पद्धतीचा टॅप हाताने फिरवून रंग आणि गंज काढा. नवा भाग बनवायला देताना कागदावर व्यासाबरोबर आट्यांची संख्याही लिहा. 'जुन्यासारखं करून द्या' या वाक्यावर लेथवाल्याला सोडू नका.

सरळ आहे की नाही, दोरीने बघा

नवा कान पक्का करण्याआधी तो फक्त टाक्यावर धरा आणि फ्रेम तपासा. मागच्या अॅक्सलच्या जागी सरळ सळई घाला आणि ती पाणसळीने समतल करा. हँडलच्या कानात दुसरी सळई बसवा. मागून पाहिलं तर ती ओळंब्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर फ्रेम पिळलेली आहे.

गाडी चाकांवर उभी राहिल्यावर दोरीची परीक्षा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी, अॅक्सलच्या शक्य तितक्या जवळच्या उंचीवर, दोरी ताणून पुढे न्या. दोरी मागच्या टायरला पुढे आणि मागे अशी दोन ठिकाणी टेकली पाहिजे. पुढच्या टायरपाशी दोन्हीकडे सारखं अंतर हवं. एम २० ला दोन्ही टायर १९ इंची आणि एकाच रुंदीचे असल्याने दोरी पुढेही टेकायला हवी. एका बाजूला फट दिसली तर आत्ताच थांबा. रंग दिल्यावर कुणालाच पुन्हा तापवायची इच्छा होत नाही.

नंबरचा तुकडा: इथे हात जोडा

आतापर्यंत सांगितलेला प्रत्येक भाग बनवता येतो. एकच बनवता येत नाही, तो म्हणजे फ्रेम नंबर कोरलेला भाग. कायद्याच्या नजरेत गाडीची ओळख तिथे आहे. सँड ब्लास्टिंगला देताना नंबरवर जाड टेप लावा, कारण जुना उथळ पंच वाळूच्या माराने पुसट होतो. पावडर कोटिंगचा जाड थरही तिथे नको. नंबर गंजाने गेला असेल तर स्वतः पंच मारू नका, 'आरसीत आहे तोच मारतोय' असं असलं तरी नाही. आरटीओकडे अर्ज करा, तपासणी होऊ द्या आणि लेखी परवानगी घ्या. दुसऱ्या फ्रेममधून नंबरचा तुकडा कापून जोडणं तर सरळ गुन्ह्यात ओढणारं काम आहे.

इंजिन आणि फ्रेमचे नंबर वेगळे दिसले म्हणून घाबरूही नका. बीएसए एम २० चे हे दोन नंबर कारखान्यातूनच वेगळे असत. इंग्लंडमध्ये १९४६ पासून चालत आलेल्या व्हिंटेज मोटारसायकल क्लबकडे बीएसए आणि ट्रायम्फच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत. शुल्क भरून नंबरवरून गाडीचं वर्ष आणि मॉडेल यांचा दाखला मागता येतो. आरसी बुक फाटलेलं असलं तर हा कागद उपयोगी पडतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. 'चेसिसमध्ये फेरफार नको' ही अट वाचली की मूळ आकाराचा भाग आणि मनाने केलेला भाग यातला फरक किती महाग पडू शकतो, ते कळेल. म्हणूनच कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो, बिलं आणि मापांची वही जपून ठेवा. तुटलेला कान त्याच जागी, त्याच आकाराचा बसवलाय, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

गाडी जागची हलली नाही, राज्यं मात्र बदलली

आपल्या वाचकांसाठी कागदांची एक वेगळीच गंमत आहे. बेळगावात १९५० साली नोंदलेली गाडी मुंबई राज्याची. १९५६ नंतर ती म्हैसूर राज्यात आली आणि १९७३ पासून कर्नाटकात. हैदराबादची गाडी हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि आता तेलंगण अशी फिरली. वडोद्याची आधी मुंबई राज्यात आणि १९६० पासून गुजरातमध्ये. इंदूर-ग्वाल्हेरची मध्य भारतातून मध्य प्रदेशात. गोव्याची तर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलातली. त्यामुळे आरसी बुकवर जुन्या राज्याचा शिक्का दिसला तर ते बनावट म्हणून फेकू नका. तोच खरा पुरावा असू शकतो.

हल्ली सीमेपलीकडून गाडी विकत घेताना मात्र नियम सरळ आहेत. मूळ आरटीओचा ना हरकत दाखला म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नवा नंबर. निपाणीचा माणूस कागलची गाडी घेतो तेव्हा अंतर थोडंच असतं, पण आरटीओच्या लेखी ते परराज्यच.

कामाचा क्रम

थोडक्यात क्रम असा. पहिल्या दिवशी फ्रेम नंबर आणि कागद ताडून बघा, जुळत नसतील तर एक रुपयाही खर्च करू नका. मग फोटो आणि यादी. मग स्पेअर पार्टचं पुस्तक आणि दोन गाड्यांवरची मापं. भाराच्या तिसऱ्या गटातले भाग आधी मिळवा, कारण ते मिळाले नाहीत तर बाकीच्या खर्चाला अर्थ नाही. नळी, धातू आणि आटे कागदावर लिहून द्या. टाक्यावर धरून सरळपणा तपासा, मग पक्का जोड, मग चाकांवर उभी करून दोरी. रंग सगळ्यात शेवटी.

घाई करणारा माणूस रंगापासून सुरुवात करतो, म्हणून त्याची गाडी फोटोत छान येते. ज्याला ती पुढच्या पिढीला चालवायला द्यायची आहे, त्याने फ्रेमपासून सुरुवात करावी.